चिखलदऱ्यातला संथ कॉम्प्युटर : प्रोग्राम लवकर कसा उघडेल?

जून लागला की मेळघाटात पाऊस आणि दाखल्यांची गर्दी एकदमच सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं प्रवेशाच्या तारखेच्या आत हवं असतं. चुर्णी, काटकुंभ, जारिदा या भागातला माणूस एसटी धरून चिखलदऱ्याला येतो, सेवा केंद्राच्या बाकावर बसतो आणि समोरचा कॉम्प्युटर नुसता ब्राउझर उघडायला दोन मिनिटं घेतो. "उघडूनच नाही राह्यलं भाऊ, रेंज नसंन," असं म्हणून दोघंही थांबतात.

रेंजला दोष द्यायची सवय इथं उगाच लागलेली नाही. शेजारच्या धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांचा तो प्रकल्प होता आणि तेव्हाही बोलणं जास्त करून इंटरनेट जोडणीबद्दलच झालं. पण ब्राउझरची रिकामी खिडकी उघडायला इंटरनेट लागत नाही. वर्ड उघडायला लागत नाही, स्कॅनरचा प्रोग्राम उघडायला तर मुळीच नाही. तिथं जो वेळ जातो तो कॉम्प्युटरच्या आत, डिस्कवरून फाइली वाचण्यात जातो. हा लेख त्या वेळेबद्दल आहे. सेवा केंद्र, ग्रामपंचायत, शाळा, छोटं हॉटेल किंवा आश्रमशाळेची संगणक खोली, जिथं पाच-दहा वर्षांची मशीन अजून कामाला आहेत, तिथल्या लोकांसाठी तो लिहिला आहे.

आधी दोन वेळा घड्याळ लावा

काहीही बदलण्याआधी एक साधी तपासणी करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. पडदा आल्यावर लगेच काही उघडू नका. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा. मग रोजचा एक प्रोग्राम, समजा वर्ड, उघडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. तो बंद करा आणि लगेच पुन्हा उघडून दुसऱ्यांदा मोजा.

पहिल्या वेळी ३५ सेकंद आणि दुसऱ्या वेळी ४ सेकंद लागले, तर मधला ३१ सेकंदांचा फरक जवळजवळ सगळा डिस्कच्या खात्यावर जातो. दुसऱ्या वेळी त्याच फाइली मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, आधीच येऊन बसलेल्या असतात, त्यामुळे डिस्ककडे जावंच लागत नाही. दोन्ही वेळा ३० सेकंद लागत असतील तर मात्र डिस्क बदलून काहीही होणार नाही. दुखणं दुसरीकडे आहे: प्रोसेसर कमकुवत असेल, अँटिव्हायरस आड येत असेल, किंवा प्रोग्राम नेटवर्कवरच्या कशाची तरी वाट बघत असेल. या शेवटच्या प्रकारातलं एक उदाहरण फार वेळा सापडतं. कार्यालयात कधीकाळी नेटवर्कवरचा प्रिंटर होता, तो गेला, पण कॉम्प्युटरमध्ये डिफॉल्ट प्रिंटर म्हणून तोच राहिला. वर्ड उघडताना डिफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतं आणि उत्तर येईना म्हणून ताटकळतं. डिफॉल्ट प्रिंटर बदलला की दुखणं संपतं. बंद पडलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवणारा नेटवर्क ड्राइव्हही असाच त्रास देतो.

विंडोजमध्ये आणखी एक जागा बघायची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, आणि त्यात डिस्क. प्रोग्राम उघडत असताना तिथं ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी असं दिसलं तर निदान पक्कं समजा. डिस्क जिवाच्या आकांतानं काम करते आहे आणि हाती काही लागत नाही.

डिस्क नेमकी कुठं अडते

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क असते. म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवा तो भाग फिरत फिरत वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी ते डोकं योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी १२ मिलिसेकंदांच्या आसपास. असे दर वाचनामागे १७-१८ मिलिसेकंद. सेकंदाला ५५-६० वाचनं झाली की डिस्क दमली.

एखाद्या मोठ्या प्रोग्रामला सुरू होताना दीड हजार विखुरलेली वाचनं लागली असं धरा. गुणाकार केला की २६ सेकंद होतात. त्यात एकूण मजकूर ६० एमबी असेल आणि तोच सलग एका जागी मांडलेला असेल, तर हीच डिस्क तो पाऊण सेकंदाच्या आत वाचून टाकते, कारण सलग वाचताना ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देऊ शकते. डिस्क तीच, मजकूर तेवढाच, फरक फक्त मागण्याच्या पद्धतीचा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकेक कागद वेगळा मागितला तर शिपायाचा दिवस कपाटांमध्ये चकरा मारण्यात जातो, आणि सगळ्या कागदांची यादी आधीच हातात दिली तर तो एका फेरीत सगळं घेऊन येतो, तसंच हे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्राम उघडते तेव्हा ती अख्खी फाइल आधी वाचून घेत नाही. प्रोग्रामला जो तुकडा लागला तो त्या वेळी आणते. हे तुकडे ४ केबीच्या पानांच्या हिशेबानं मोजले जातात. मेमरी वाचवण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, पण फिरत्या डिस्कवर ती विखुरलेल्या वाचनांचा पाऊस पाडते. म्हणून सगळ्या सिस्टिम पुढचं थोडं आधीच वाचून ठेवतात. लिनक्समध्ये हे पुढचं वाचन मुळात १२८ केबीचं ठरवलेलं असतं. विंडोजनं यापुढची पायरी २००१ मध्ये एक्सपीत गाठली. तिच्याबद्दल पुढं सविस्तर येईल.

वाचून झालेलं टिकवा

वर दुसऱ्या वेळी ४ सेकंद लागले ते मेमरीमुळे. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक गोष्ट सिस्टिम रिकाम्या रॅममध्ये जपून ठेवते आणि जागा कमी पडली तरच टाकून देते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कॅश्ड' असा जो आकडा दिसतो तो हा साठा. तो मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो मोठाच हवा. रॅम साफ करून देतो म्हणणारे फुकट प्रोग्राम हाच साठा रिकामा करतात. आकडा छान दिसतो आणि पुढचा प्रत्येक प्रोग्राम पुन्हा डिस्कवरून, पुन्हा पहिल्यासारखा हळू उघडतो. असा प्रोग्राम मशीनवर असेल तर आजच काढून टाका.

४ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोज १० आणि ब्राउझर चालू झाला की साठ्याला जागाच उरत नाही. त्यातच बहुतेक जुन्या मशीनवर ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेतं. मग वर्ड बंद करून तासाभरानं पुन्हा उघडलं तरी ते गार पडलेलं असतं. अशा मशीनला आणखी ४ जीबीची पट्टी घालणं हा स्वस्त आणि खरा उपाय आहे. जुन्या लॅपटॉपला डीडीआर३ लागते की डीडीआर४, आणि डीडीआर३ असेल तर कमी व्होल्टेजची का, हे परतवाड्याला उतरण्याआधी जुनी पट्टी काढून तिच्यावर वाचून घ्या, म्हणजे घाटातली दुसरी खेप वाचते.

रॅममधला साठा वीज गेली की जातो. चिखलदरा विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर, आणि पावसाळ्यात इथला वारा, धुकं आणि झाडं यांच्यामधून विजेच्या तारा येतात. फांदी पडली की वीज जाते. दिवसातून तीनदा वीज गेली तर तीनदा कॉम्प्युटर नव्यानं चालू होतो, तीनदा सगळे प्रोग्राम गार अवस्थेतून उघडतात, आणि अचानक बंद पडल्यामुळे कधीकधी डिस्कची तपासणी सुरू होऊन आणखी वेळ जातो. यूपीएस आपण डेटा वाचावा म्हणून घेतो. माझ्या मते इथल्यासारख्या गावात तो वेगासाठीसुद्धा घ्यावा. पाच-दहा मिनिटांची छोटी खंडितता त्यानं निभावली तर रॅममधलं सगळं जागच्या जागी राहतं. साध्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते; दिवा लागतो पण वीज गेली की मशीन लगेच बंद पडतं, अशी तुमची स्थिती असेल तर मे महिन्यातच बॅटरी बदलून घ्या.

दिवसाअखेर मशीन बंद कसं करता यावरही बरंच अवलंबून आहे. विंडोज ८ पासूनच्या 'फास्ट स्टार्टअप'मध्ये शट डाऊन केलं तरी सिस्टिमचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी एका सलग फाइलीतून परत आणला जातो. पडदा त्यामुळे लवकर येतो. तुमचा वर्ड किंवा ब्राउझर मात्र त्यात नसतो, तो पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. लॅपटॉप असेल तर दुपारच्या सुटीत शट डाऊन करू नका, स्लीप वापरा. रात्रीसाठी हायबरनेट चांगलं: उघडे प्रोग्राम जसेच्या तसे डिस्कवर ठेवले जातात, वीज गेली तरी बिघडत नाही, आणि सकाळी ते सलग वाचनानं परत येतात. हायबरनेटचा पर्याय मेनूत दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाचं काम ठरवण्याच्या पानावर खूण करून तो दिसायला लावता येतो. आठवड्यातून एकदा मात्र रीस्टार्ट कराच, म्हणजे अडकलेले अपडेट पूर्ण होतात.

डिस्कवरचं ओझं कमी करा

आता फुकटच्या उपायांकडे. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपचं पान आहे. कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची ती यादी. प्रिंटर कंपनीचा मदतनीस, तीन-चार अपडेटर, कधीच न वापरलेलं मीटिंगचं ॲप, गाण्यांचा प्लेअर, हे सगळे सकाळी एकाच वेळी डिस्कवर तुटून पडतात आणि तुमचं काम रांगेत मागं राहतं. ते बंद करा. पण सेवा केंद्रात दोन गोष्टींना हात लावू नका. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सेवा आणि डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम. ते बंद केले तर आधारची पडताळणी अडेल आणि दोष भलत्यावरच जाईल.

दुसरं ओझं खास आपल्या मराठी कॉम्प्युटरांचं आहे, आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आणि त्यांच्या बरोबरीनं सीडीवरून आलेले शेकडो फॉन्ट आपल्याकडच्या मशीनवर चढले. लग्नपत्रिका, निमंत्रणं, ग्रामसभेच्या नोटिसा यांसाठी ते लागायचे. वर्ड, कोरलड्रॉ, लिबरऑफिस हे प्रोग्राम उघडताना मशीनवरच्या फॉन्टांची यादी तयार करतात. विंडोज आणि लिनक्स दोघंही ही यादी साठवून ठेवतात, पण हजारभर फॉन्ट असले की जुन्या डिस्कवर तिचाही भार जाणवतो. फॉन्टचं फोल्डर उघडून बघा. ज्यात तुमच्या जुन्या फाइली आहेत ते मोजके फॉन्ट ठेवा, बाकीचे एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. टाकून देऊ नका. दहा वर्षांपूर्वीचा ठराव कुणीतरी मागतोच आणि तो त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाही. मंगल आणि निर्मला हे विंडोजचे स्वतःचे देवनागरी फॉन्ट आहेत, त्यांना धक्का लावायचा नाही.

डेस्कटॉपवर स्कॅन केलेल्या शेकडो पीडीएफ पडलेल्या असतात. त्यांचं वर्षवार फोल्डर करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. डाऊनलोडचं फोल्डर हजारो फाइलींनी भरलं की ते उघडायलाच वेळ लागतो, तेही रिकामं करा. सी ड्राइव्हवर किमान १५ टक्के जागा मोकळी असू द्या. फिरत्या डिस्कचा बाहेरचा भाग आतल्या भागापेक्षा बराच वेगानं वाचला जातो आणि सी ड्राइव्ह बहुधा बाहेरच्या बाजूनं सुरू होतो. तो तुडुंब भरला की नव्या फाइली तुकड्यातुकड्यांनी, मिळेल त्या फटीत जाऊन बसतात.

हे तुकडे परत जोडणं म्हणजे डीफ्रॅगमेंट. विंडोज ते आठवड्यातून एकदा आपोआप करतं, पण मशीन चालू आणि रिकामं असेल तेव्हाच. काम संपताच प्लग काढणाऱ्या कार्यालयात ते वर्षानुवर्षं होत नाही. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' हा प्रोग्राम शोधून शेवटची तारीख बघा. जुनी असेल तर जेवणाच्या सुटीत चालवा. फिरणारे भाग नसलेल्या एसएसडी या डिस्कवर मात्र डीफ्रॅगमेंट करायचं नसतं. तिथं हाच प्रोग्राम ट्रिम नावाचं वेगळं काम करतो आणि तेच बरोबर आहे.

अँटिव्हायरसबद्दल माझं मत ठाम आहे: एकच ठेवा आणि तो बंद करू नका. फाइल उघडताना तो ती तपासतो, त्यात वेळ जातो, हे खरं. पण सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. दोन अँटिव्हायरस असतील तर प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते, म्हणून एक काढा. पूर्ण तपासणीची वेळ गर्दीच्या तासांतून हलवून दुपारच्या सुटीत लावा; त्या वेळी मशीन स्लीपमध्ये टाकू नका.

विंडोजला शिकू द्या

एक्सपीमध्ये २००१ साली आलेली सोय अशी. एखादा प्रोग्राम सुरू झाला की पहिल्या दहा सेकंदांत तो कोणकोणत्या फाइलींचे कोणते भाग मागतो हे विंडोज टिपून ठेवतं. पुढच्या वेळी तो प्रोग्राम उघडताच ती यादी बघून ते भाग डिस्कवरच्या क्रमानं, डोक्याला कमीत कमी येरझाऱ्या पडतील असे आधीच मागवतं. या टिपणांचं एक फोल्डर विंडोजमध्ये असतं, त्याचं नाव प्रीफेच. २००७ च्या व्हिस्टामध्ये याच्या जोडीला सुपरफेच आलं. ते तुम्ही कोणता प्रोग्राम जास्त वापरता हे बघून तो मागायच्या आधीच रिकाम्या रॅममध्ये आणून ठेवतं. विंडोज १० मध्ये पुढं त्याचं नाव सिसमेन झालं.

मशीन फास्ट करण्याच्या व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात की प्रीफेचचं फोल्डर रिकामं करा आणि सिसमेन बंद करा. पहिला सल्ला उघडउघड नुकसानीचा आहे: टिपणं पुसली की पुढच्या वेळी प्रत्येक प्रोग्राम जास्तच हळू उघडतो आणि विंडोजला सगळं पुन्हा शिकावं लागतं. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क असेल तर सुरुवातीला सिसमेनची वाचनं तुमच्या वाचनांना आडवी येऊ शकतात. तेव्हा वरची घड्याळाची तपासणी सिसमेन चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा करा, आणि तुमच्या मशीनवर जे जिंकेल ते ठेवा. ८ जीबी असेल तर चालूच असू द्या.

ब्राउझरची तऱ्हा थोडी वेगळी आहे. एज ब्राउझरमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' असतं, त्यात ब्राउझरचा गाभा मागं तयार राहतो आणि खिडकी पटकन उघडते. रॅम पुरेशी असेल तर ते वापरा. नको ती एक्स्टेंशन काढा, आणि उघडताना मागचे सगळे टॅब परत आणण्याची सोय बंद करा.

डिस्क आजारी आहे का?

टास्क मॅनेजरच्या डिस्कच्या पानावर सरासरी प्रतिसादाचा वेळही दिसतो. प्रोग्राम उघडताना फिरत्या डिस्कवर तो काही क्षण शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर गेला तर समजण्यासारखं आहे. कामच नसताना हजारांमध्ये जात असेल तर डिस्क काही भाग पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम चालवा. त्यात 'रीॲलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील, तर वेगाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी सगळा डेटा दुसरीकडे उतरवा. सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क चांगली असते, केबल किंवा तिची टोकं खराब असतात. इथल्या ओलाव्यात चार महिने बंद राहिलेल्या शाळेच्या मशीनमध्ये तांबं काळवंडतं. केबल बदलून आणि रॅमची टोकं साफ खोडरबरानं हलकेच घासून पुष्कळ मशीन सुधारतात. उंचीमुळे डिस्क बिघडते अशी समजूत काही लोकांची असते. नेहमीच्या डिस्का तीन हजार मीटरपर्यंत चालतील अशाच बनवलेल्या असतात. चिखलदऱ्याच्या उंचीचा त्यांना काहीच त्रास नाही.

ज्यांना मशीन उघडायची मुभा आहे आणि थोडे पैसे आहेत, त्यांनी बाकी सगळ्याच्या आधी एसएसडी घालावी. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून एका वाचनाला साधारण एक दशांश मिलिसेकंद पुरतो. वरची दीड हजार विखुरलेली वाचनं तिथं अर्ध्या सेकंदाच्या आत संपतात. जुन्या लॅपटॉपचा साटा जोड जुन्या पिढीचा, अर्ध्या वेगाचा असला तरी नाराज होऊ नका. प्रोग्राम उघडताना लहान वाचनं महत्त्वाची आणि ती तिथंही तेवढ्याच चटकन होतात. याच कारणानं साटाऐवजी महागडी एनव्हीएमई घेण्याचा फायदा प्रोग्राम उघडण्यात थोडाच दिसतो. दुकानदार सेकंदाला हजारो एमबीचे आकडे सांगेल, ते सलग वाचनाचे असतात. २५० जीबीची, नावाजलेल्या कंपनीची आणि पावतीसह हमी असलेली साटा एसएसडी बहुतेकांना पुरते. बायोसमध्ये डिस्कची पद्धत आयडीई असेल तर ती एएचसीआय हवी, पण विंडोज आधीच बसवलेलं असताना थेट बदललात तर ते बहुधा चालूच होणार नाही. नव्यानं विंडोज टाकतानाच हा बदल करा. आणि घाटातून डिस्क नेताना मशीन पूर्ण बंद करून न्या. स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप बॅगेत जागा होतो आणि फिरती डिस्क धक्के खाते.

शाळेतली मशीन डेडस्टॉकला नोंदलेली असतात, मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात ती उघडता येत नाहीत. अशा ठिकाणी वरचे बिनखर्ची उपाय आणि पुढचा पर्याय पाहा.

लिनक्सवाल्यांसाठी

विंडोज १० चं नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. म्हणून अनेक जण मिंट किंवा लुबुंटू या लिनक्सच्या प्रकारांकडे वळत आहेत आणि मला तो निर्णय योग्य वाटतो, फक्त तुमचं ठशाचं यंत्र आणि सहीचं टोकन त्यावर चालतं ना हे आधी तपासा. २०२२ च्या उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप या दाबून बांधलेल्या पॅकेजमध्ये येऊ लागला. फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना अंत बघतो. मिंटमध्ये साधं पॅकेज मिळतं. प्रीलोड नावाचा छोटा प्रोग्राम २००५ मध्ये बेहदाद एस्फाहबोद यांनी लिहिला. तो तुमच्या सवयी बघून प्रोग्राम आधीच मेमरीत आणतो. ८ जीबी आणि फिरती डिस्क या जोडीवर तो उपयोगी आहे, एसएसडीवर गरज नाही. २०१७ मध्ये लिनक्स ४.१२ पासून बीएफक्यू हा डिस्कच्या मागण्यांची रांग लावणारा भाग मिळू लागला. मागं अपडेट किंवा कॉपी चालू असतानाही समोरचा प्रोग्राम तो आधी उघडू देतो. फिरत्या डिस्कवर तो जरूर लावा. पुढच्या वाचनाचे १२८ केबी वाढवून ५१२ करून बघायलाही हरकत नाही, फक्त घड्याळ लावून बघा.

मोबाइलवरही हेच तत्त्व चालतं. अंगणवाडी ताईंच्या फोनवर पोषण ट्रॅकर हे ॲप हळू उघडत असेल तर दर वेळी सगळी ॲप वर सरकवून बंद करण्याची सवय आधी सोडा. बंद केलेलं ॲप पुन्हा सगळं वाचत उघडतं. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढून साठ्यात दोन-तीन जीबी जागा मोकळी ठेवा.

जे स्वतः प्रोग्राम लिहितात

अमरावती, अकोला, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुलं दुकानांसाठी, पतसंस्थांसाठी, शाळांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. त्यांची मशीन नवी असतात आणि त्यांचा प्रोग्राम दिवसभर मेमरीत गरमच असतो, म्हणून हा प्रश्न त्यांच्या नजरेला पडत नाही. सुरू होताना लागणाऱ्या शेकडो छोट्या फाइली, चित्रं, सेटिंग, भाषांतरं, एका फाइलीत बांधा आणि ती एकदाच सलग वाचा. पहिल्या पडद्याला न लागणारं काही सुरुवातीला वाचू नका. अहवालाचा भाग अहवाल मागितल्यावर आणा. फाइल लवकरच लागणार हे सिस्टिमला आधी कळवता येतं: लिनक्समध्ये त्यासाठी पोझिक्स-फॅडव्हाइज ही हाक आहे, विंडोज ८ पासून प्रीफेच-व्हर्च्युअल-मेमरी. फायरफॉक्सनं आपली मोठी लायब्ररी सुरुवातीलाच सलग वाचून घ्यायला लावली ती याच हिशेबानं. नोंदी लिहायची फाइल आणि डेटाबेस पुन्हापुन्हा उघड-बंद करू नका, प्रत्येक उघडण्यात अँटिव्हायरसची एक फेरी असते.

आणि मोजणी गार अवस्थेत करा. लिनक्सवर प्रशासकाच्या अधिकारानं मेमरीतला फाइलींचा साठा रिकामा करण्याची सोय गाभ्यातच दिलेली आहे. चाचणीसाठी ती वापरा, रोजच्या वापरासाठी नको. विंडोजवर पूर्ण रीस्टार्ट करा, कारण शट डाऊननं फास्ट स्टार्टअप आड येतो. शक्य असेल तर गिऱ्हाइकाकडचं सर्वांत जुनं, फिरत्या डिस्कचं, ४ जीबीचं मशीन चार दिवस मागून आणा आणि वीज जाऊन आल्यावर त्यावर तुमचा प्रोग्राम पहिल्यांदा उघडायला किती वेळ लागतो तो आकडा लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीत तो कमी करायचा.